उद्देशिकेत ईश्वराचे नाव का नाही? संविधान सभा, धर्म आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य

नाणेघाट

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. आमच्याकडे परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना यांच्याबरोबर संविधानाची उद्देशिकाही म्हटली जाते. मुलांना ती तोंडपाठ असते आणि तोंडपाठ झालेल्या गोष्टीविषयी सहसा कोणाला प्रश्न पडत नाही. या वर्षी दहावीतल्या एका मुलीला तो पडला. तिने दूरचित्रवाणीवर मंत्रिमंडळाचा शपथविधी पाहिला होता. तिचे म्हणणे असे, की मंत्री जर ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ असे म्हणून संविधानाशी निष्ठा वाहतात, तर त्या संविधानाच्या आरंभीच ईश्वराचे नाव का नाही? ते थेट ‘आम्ही, भारताचे लोक’ असे का सुरू होते?

‘आपले राज्य धर्मनिरपेक्ष आहे म्हणून’ हे उत्तर ओठांवर आले होते, पण ते मी दिले नाही. तो शब्द उद्देशिकेत 1976 साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला, त्यामुळे 1949 साली जे घडले त्याचे ते कारण असू शकत नाही. नोव्हेंबर 1948 मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी तो शब्द संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात घालावा अशी दुरुस्ती मांडली होती आणि सभेने ती फेटाळली होती, एवढे मला ठाऊक आहे. म्हणजे ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्दही नको आणि ईश्वराचे नावही नको, असे दोन्ही निर्णय एकाच सभेने घेतले.

मला पडलेला पेच त्याहून मोठा आहे. आपल्या स्वातंत्र्याच्या चळवळीत धर्म सर्वत्र होता. टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, गांधीजींची सायंप्रार्थना हीच अनेकदा त्यांची राजकीय सभा असे, मौलाना आझाद हे कुराणाचे भाष्यकार होते. अशा चळवळीतून जे राष्ट्र उभे राहिले, त्याने आपल्या पहिल्याच वाक्यात ईश्वराला स्थान दिले नाही. मूठभर नास्तिकांनी बहुसंख्य श्रद्धाळूंवर आपले मत लादले, असेही अधूनमधून ऐकू येते. नेमके काय घडले, हे कोणी जाणकाराने सविस्तर सांगितले तर मुलांपुढे नीट मांडता येईल.

वाचनवेल

तुमच्या विद्यार्थिनीने शपथ आणि उद्देशिका यांच्यातला जो फरक हेरला, तो संविधान सभेतही बोलला गेला होता आणि त्याचे उत्तरही तिथेच दिले गेले. तो दिवस होता 17 ऑक्टोबर 1949. सर्व अनुच्छेद संमत झाल्यावर त्यांच्याशी सुसंगत राहावी म्हणून उद्देशिका अगदी शेवटी चर्चेला घेतली होती. अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्रप्रसाद होते.

हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली, की उद्देशिकेचा आरंभ ‘ईश्वराच्या नावाने आम्ही, भारताचे लोक’ असा व्हावा. कामत हे आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेले, मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले सदस्य होते. सभेतल्या सर्वांत अभ्यासू आणि सर्वांत चिकाटीने दुरुस्त्या मांडणाऱ्या सदस्यांत त्यांची गणना होते, त्यामुळे त्यांची सूचना कोणी सहज उडवून लावली नाही. शिब्बनलाल सक्सेना आणि गोविंद मालवीय यांनीही वेगळ्या शब्दांत ईश्वराचा उल्लेख असलेल्या दुरुस्त्या दिल्या होत्या. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले आणि म्हणाले, की आम्ही कामाख्येच्या भूमीतले, शक्तीचे उपासक. ईश्वराचे नाव घ्यायचेच असेल तर देवीचेही घ्या. या सूचनेकडे दुर्लक्ष करू नये, असे मला वाटते. ईश्वर हा शब्द सर्वांना सामावून घेतो असे कामतांना मनापासून वाटत होते, परंतु पाच मिनिटांच्या आत त्याच सभागृहात, त्याच धर्मातल्या एका सदस्याला तो अपुरा वाटला.

विरोधात जी भाषणे झाली ती मूळ इतिवृत्तात अवश्य वाचा. मी वाचलेल्यांपैकी एकही भाषण ईश्वर नाही असे म्हणणारे नाही. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै यांचा मुद्दा असा होता, की ईश्वर मानायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क आपण प्रत्येक माणसाला मूलभूत हक्क म्हणून दिला आहे. आता उद्देशिकेत ईश्वर आणला तर श्रद्धेच्या बाबतीत सक्ती केल्यासारखे होईल. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनंती केली, की ईश्वरावर मतदान करण्याच्या अवघड प्रसंगात आम्हाला टाकू नका. हृदयनाथ कुंझरू यांचे भाषण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कुंझरू हे गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. ते म्हणाले, की जी गोष्ट प्रत्येकाच्या अंतःकरणाशी निगडित आहे, तिच्याविषयी सामुदायिक मत कोणावर लादले जाऊ नये. याच उद्देशिकेत विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य आपण देत आहोत आणि तिच्याच आरंभी आपण ते आकुंचित करणार काय, अशी त्यांची हरकत होती. ईश्वराचे नाव घेऊनही आपण संकुचित वृत्तीच दाखवत आहोत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

तुमच्या विद्यार्थिनीला जे उत्तर हवे आहे ते एम. तिरुमल राव यांच्या बोलण्यात आहे. भारताला ईश्वर हवा की नको हे तीनशे माणसांच्या सभागृहाने मतदानाने ठरवू नये, असे सांगून ते म्हणाले, की शपथेत आपण ईश्वर मान्य केला आहे, पण जे ईश्वर मानत नाहीत त्यांच्यासाठी तिथे पर्याय ठेवला आहे, आणि उद्देशिकेत असे दोन पर्याय ठेवता येत नाहीत. शपथविधी पुन्हा पाहिलात तर हे लगेच लक्षात येईल: काही जण ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ म्हणतात, काही जण ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’ म्हणतात, आणि दोघांचे पद, अधिकार व जबाबदारी यांत काडीचाही फरक पडत नाही. शपथ एकेक माणूस घेतो, म्हणून तिथे निवडीला जागा आहे. उद्देशिका सर्वांच्या वतीने एकदाच उच्चारली जाते, आणि तिथे ईश्वराचे नाव आले तर ते न मानणारा माणूस ‘आम्ही’ या शब्दाच्या बाहेर पडतो.

कामतांनी दुरुस्ती मागे घेतली नाही, मतदानाचा आग्रह धरला. हात वर करून मतमोजणी झाली. बाजूने 41, विरोधात 68. निकाल ऐकल्यावर कामत म्हणाले, की आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, ईश्वर भारताचे रक्षण करो.

मूठभर नास्तिकांनी मत लादले, हे म्हणणे या आकड्यांपुढे आणि या भाषणांपुढे टिकत नाही. श्रद्धेची किंमत ज्यांना ठाऊक होती अशा लोकांनीच ती राज्याच्या हाती देण्यास नकार दिला, असे मी म्हणेन.

याच काळात शेजारी काय घडत होते हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. पाकिस्तानच्या संविधान सभेत 7 मार्च 1949 रोजी लियाकत अली खान यांनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. विश्वाचे सार्वभौमत्व केवळ अल्लाचे असून त्याने ते लोकांच्या द्वारे राज्याकडे सोपवले आहे, असा त्याचा आरंभ होता. अल्पसंख्याकांना आपला धर्म मुक्तपणे पाळता येईल, असे आश्वासनही त्या ठरावात होते. पूर्व बंगालमधील श्रीशचंद्र चट्टोपाध्याय आणि इतर हिंदू सदस्यांनी दुरुस्त्या सुचवल्या, त्या 10 विरुद्ध 21 मतांनी फेटाळल्या गेल्या आणि 12 मार्चला ठराव संमत झाला. ठरावाच्या समर्थनार्थ बोलणाऱ्यांत परराष्ट्रमंत्री झफरुल्ला खान होते. ते अहमदिया पंथाचे होते. पंचवीस वर्षांनी, 1974 साली, त्याच देशाने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरवले. राज्याने श्रद्धेची व्याख्या करायला घेतली की आज आत असलेला माणूस उद्या बाहेर जाऊ शकतो, हे त्या एका आयुष्यात दिसते.

ओंटारियोकर

वाचनवेल यांचा प्रतिसाद अतिशय माहितीपूर्ण आहे, तरीही त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. कामत आणि त्यांच्या बाजूने हात वर करणारे चाळीस सदस्य यांच्या म्हणण्यात जो जीव होता, तो पाकिस्तानच्या उदाहरणाने झाकला जाऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

मी गेली बरीच वर्षे कॅनडात राहतो. इथल्या 1982 च्या हक्क आणि स्वातंत्र्यांच्या सनदेचे पहिले वाक्यच असे आहे, की कॅनडा हा देश ईश्वराचे श्रेष्ठत्व आणि कायद्याचे राज्य मान्य करणाऱ्या तत्त्वांवर उभा आहे. म्हणजे कामतांना जे हवे होते ते इथे आहे. त्याने काय झाले? सनद लागू झाली त्याच वर्षी कॅलगरी शहरात बिग एम ड्रग मार्ट या दुकानावर रविवारी विक्री केल्याबद्दल खटला भरला गेला, कारण 1906 पासूनच्या लॉर्ड्स डे कायद्याने रविवारी व्यवहाराला बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली तो कायदाच रद्द केला. एका धर्माचा विश्रांतीचा दिवस सर्वांवर लादणे हे श्रद्धेच्या स्वातंत्र्याशी विसंगत आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले, आणि तेही सनदेच्या आरंभी ईश्वर असताना. आयर्लंडच्या 1937 च्या संविधानाचा आरंभ तर पवित्र त्रैक्याच्या नावाने होतो. त्यात कॅथलिक चर्चला दिलेले विशेष स्थान तिथल्या लोकांनी 1972 च्या सार्वमताने काढून टाकले, उद्देशिका मात्र तशीच ठेवली. त्यामुळे उद्देशिकेत ईश्वर आला की स्वातंत्र्य संपले, असे सरसकट म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट. उद्देशिकेत ईश्वर नाही म्हणून आपले राज्य धर्मापासून दूर राहिले, असेही घडलेले नाही. अनेक मोठी देवस्थाने कायद्याने नेमलेल्या समित्या चालवतात, धार्मिक न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, आणि निरनिराळ्या धर्मांच्या कुटुंबविषयक कायद्यांना राज्याने निरनिराळ्या वेगाने हात लावला. श्रद्धाळू माणसाला जेव्हा वाटते की आपल्या देवाचे नाव घ्यायला राज्य तयार नाही, पण दानपेटीचा हिशेब मागायला तयार आहे, तेव्हा ती भावना खोटी म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्यांच्या त्यागातून हे राष्ट्र उभे राहिले त्यांच्यापैकी अनेकांनी आपली ताकद श्रद्धेतून घेतली होती, आणि त्या ऋणाचा उच्चार एका शब्दात व्हावा, ही मागणी मला आजही रास्त वाटते.

चांदवड

मी वकिली करते. धार्मिक न्यासांची काही प्रकरणे हाताळली आहेत, म्हणून या चर्चेत लिहावेसे वाटले. ओंटारियोकर यांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे: उद्देशिकेतला एक शब्द स्वातंत्र्य देतही नाही आणि घेतही नाही. म्हणूनच या विषयाचा गाभा उद्देशिकेत शोधण्याऐवजी धर्मस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद 25 मध्ये शोधावा, असे मी सुचवेन. त्यांचा दुसरा मुद्दा, म्हणजे राज्याचा धर्मातला हस्तक्षेप, तिथेच नीट समजतो.

मार्च-एप्रिल 1947 मध्ये मूलभूत हक्कांची उपसमिती जे. बी. कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली काम करत होती. धर्माचे मुक्त आचरण करण्याचा हक्क मसुद्यात आला, तेव्हा राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता या दोन सदस्यांनी लेखी हरकत घेतली. त्यांची भीती अगदी ठोस होती. पडदा, देवदासी, बालविवाह या सर्व गोष्टी धर्माच्या नावाने चालतात. आचरणाचा हक्क निरपवाद ठेवला तर विधवाविवाहाचा कायदा, बालविवाहाविरुद्धचा सारडा कायदा, इतकेच काय सतीबंदीसुद्धा न्यायालयात आव्हानाला पात्र ठरेल. आज अनुच्छेद 25 च्या दुसऱ्या खंडात सामाजिक सुधारणेसाठी कायदे करण्याची राज्याला जी मुभा आहे, तिच्या मुळाशी हा आग्रह आहे. बाबासाहेबही समितीत याच मताचे होते. पुढे 2 डिसेंबर 1948 रोजी सभेत त्यांनी सांगितले, की या देशात धर्माची कल्पना इतकी विस्तारलेली आहे, की जन्मापासून मृत्यूपर्यंत जीवनाचे एकही अंग तिच्याबाहेर राहत नाही. म्हणून धर्माची व्याप्ती श्रद्धा आणि मूलतः धार्मिक असलेले विधी एवढ्यापुरती मर्यादित केली पाहिजे, नाहीतर कोणतीही सुधारणा अशक्य होईल.

त्याच खंडात सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याची तरतूद आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या वाचकाला कोरडी वाटू नये. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून गावोगाव फिरून सह्या गोळा केल्या आणि शेवटी 1 मे 1947 पासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. दहाव्या दिवशी ते सुटले. त्या वेळी दिल्लीत संविधान सभेचे काम सुरू होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. गुरुजी विठ्ठलाचे भक्त होते आणि त्यांचे उपोषण विठ्ठलाच्या दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या भक्तांसाठी होते. आता विचार करा, की धर्माचे स्वातंत्र्य म्हणजे फक्त संस्थेचे स्वातंत्र्य असे मानले, तर ते दाराच्या आतल्यांचे ठरते आणि बाहेर उभ्या असलेल्याला त्यातून काही मिळत नाही. अनुच्छेद 25 ने ‘सर्व व्यक्तींना’ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आणि समूहाचा हक्क अनुच्छेद 26 मध्ये वेगळा ठेवला.

या दोन हक्कांत टक्कर झाली तर काय, हा प्रश्न लवकरच न्यायालयात गेला. दक्षिण कानड्यातल्या मुलकी इथल्या गौड सारस्वत ब्राह्मणांच्या वेंकटरमण देवालयाने असा दावा केला, की हे आमच्या समाजाचे मंदिर आहे आणि प्रवेश कोणाला द्यायचा हे आम्ही ठरवू. सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली मंदिर त्या समाजाचे आहे हे मान्य केले, पण सर्व हिंदूंना प्रवेश देणारी तरतूद त्याच्या वरचढ ठरवली. त्याच वेळी, काही विशिष्ट विधी फक्त त्या समाजापुरते राखण्याचा त्यांचा अधिकारही कायम ठेवला. इतका बारीक तोल सांभाळलेले निकाल फार थोडे आहेत.

उलट दिशेचाही निकाल आहे, आणि तो मुंबईचा आहे. मुंबई राज्याने 1949 साली जातिबहिष्कार आणि धर्मबहिष्कार यांना बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना यांनी त्याला आव्हान दिले आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द ठरवला. बहिष्काराचा अधिकार हा धर्मगुरूंच्या धार्मिक व्यवस्थापनाचा भाग आहे, असे बहुमताने मानले. सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा यांनी एकट्याने भिन्नमत दिले. बहिष्कृत माणसाला वाळीत पडल्यावर मशिदीत जागा राहत नाही आणि कब्रस्तानातही राहत नाही, मग त्याच्या श्रद्धेच्या स्वातंत्र्याचे काय, हा प्रश्न त्यामुळे उघडा राहिला, आणि 2023 साली तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला आहे. मला स्वतःला सिन्हांचे मत बरोबर वाटते. आपल्याकडे जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांची परवड पाहिलेल्या कोणालाही तसेच वाटेल. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो याच अनुभवातून.

दानपेटीच्या हिशेबाविषयी एवढेच सांगते, की तिथेही मर्यादा घालून दिलेली आहे. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या 1954 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई सार्वजनिक न्यास कायदा बहुतांशी उचलून धरला, परंतु धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमता येईल ही तरतूद अवैध ठरवली. पैशांचा हिशेब मागणे वेगळे आणि धर्मसंस्थेच्या गादीवर सरकारी अधिकारी बसवणे वेगळे, हा त्यामागचा विचार. ती मर्यादा प्रत्यक्षात नेहमी पाळली जाते असा माझा दावा नाही. जिथे पाळली जात नाही तिथे ओंटारियोकर यांची तक्रार न्याय्य आहे आणि ती याच अनुच्छेदांच्या आधारे करता येते.

मांडवीकाठ

गोव्याचा अनुभव इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण एकाच भूमीत तिन्ही प्रकार होऊन गेले आहेत: राज्याचा धर्म, राज्यापासून तुटलेला धर्म, आणि स्वातंत्र्याविना दिलेली धर्माची मोकळीक.

पहिल्याविषयी सर्वांना ठाऊक आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतली देवळे पाडली गेली, आणि लोकांनी आपले देव नदीपार अंत्रुज महालात (आजच्या फोंडा भागात) नेले. कुडथाळचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मचौकशी न्यायालय, आले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर ते 1812 पर्यंत राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनाच त्याची अधिक झळ बसली, हे पुष्कळदा विसरले जाते. जुन्या चालीरीतींचा संशय आला की चौकशी त्यांची होई.

दुसरा प्रकार त्या मानाने कमी सांगितला जातो. 5 ऑक्टोबर 1910 रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि पुढच्या एप्रिलमध्ये चर्च व राज्य यांना वेगळे करणारा कायदा झाला. गोव्यातल्या हिंदूंना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत बरोबरीने वाव मिळू लागला तो या बदलानंतर. हा बदल ज्यांनी गोव्यात मनापासून उचलून धरला त्यांत लुईस द मिनेझिस ब्रागांझा अग्रभागी होते. ते कॅथलिक घराण्यात जन्मलेले पत्रकार होते, आणि चर्चच्या वर्चस्वावर त्यांनी आयुष्यभर टीका केली.

तिसरा प्रकार पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचा. देवळात जायला, जत्रा करायला कोणाला अडवले जात नसे. परंतु वर्तमानपत्र, सभा, पत्रक यांपैकी काहीही सेन्सॉरच्या परवानगीशिवाय निघत नसे आणि लग्नपत्रिकासुद्धा आधी तपासून घ्यावी लागे, असे जुनी माणसे सांगत. 4 जुलै 1930 रोजी मिनेझिस ब्रागांझांनी विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला तो याच राजवटीच्या वसाहत कायद्याविरुद्ध, आणि 18 जून 1946 रोजी मडगावला डॉ. लोहियांच्या सभेसाठी लोक जमले तेही बोलण्याच्या हक्कासाठीच. उद्देशिकेत उपासनेच्या स्वातंत्र्याआधी विचार आणि अभिव्यक्ती यांची नावे आहेत, त्याचा अर्थ गोव्याच्या माणसाला निराळा समजवावा लागत नाही.

नाणेघाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिरुमल राव आणि कुंझरू यांचे मुद्दे मी फळ्यावर समोरासमोर कामतांच्या मुद्द्याबरोबर मांडणार आहे आणि मुलांना 17 ऑक्टोबरची सभा वर्गात उभी करायला सांगणार आहे. ओंटारियोकर यांचा प्रतिसाद कामतांची भूमिका करणाऱ्या मुलाच्या हाती देईन, कारण ती बाजू दुबळी ठेवली तर मुलांना मतदान खरे वाटणार नाही.

चांदवड यांना एक व्यवहारातला प्रश्न. आमची शाळा खाजगी, अनुदानित आहे. परिपाठातल्या प्रार्थनेत एका देवतेचे स्तवन आहे. एका पालकांनी आपल्या मुलाला त्यातून वगळावे असे लेखी दिले आहे. शिक्षकांमध्ये दोन मते आहेत: काहींना ही शिस्तीची बाब वाटते, काहींना हक्काची.

चांदवड

हक्काची आहे. अनुच्छेद 28 चा तिसरा खंड वाचा. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याचे अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही, त्याची संमती असल्याशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. त्या पालकांनी संमती नाकारली आहे, तेव्हा शाळेला ती मानावी लागेल. संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत तर धार्मिक शिक्षण देताच येत नाही. निरनिराळ्या धर्मांविषयी माहिती देणे मात्र यात मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली स्पष्ट केले आहे, त्यामुळे तुमच्या इतिहासाच्या तासाला कोणतीही अडचण नाही.

शिस्तीचा मुद्दा मांडणाऱ्या सहकाऱ्यांना 1986 चा बिजो इमॅन्युएल खटल्याचा निकाल वाचायला द्या. केरळमधली तीन भावंडे यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीत सुरू झाले की ती आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेनुसार गात नसत. जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढले गेले. ती अनेक वर्षे अशीच उभी राहत आली होती आणि कोणाची तक्रार नव्हती. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला, कारण आदराने उभे राहणे हाच राष्ट्रगीताचा मान आहे आणि गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही. राष्ट्रगीताच्या बाबतीत हे असेल, तर एका देवतेच्या स्तवनाविषयी शाळेला सक्ती करता येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रत्यक्षात असे करा: पालकांचे पत्र दप्तरी ठेवा, मुख्याध्यापकांच्या सहीने लेखी उत्तर द्या, आणि त्या मुलाला प्रार्थनेच्या वेळी रांगेतून बाहेर काढून वेगळे उभे करू नका. त्याला आपल्या जागीच शांतपणे उभे राहू द्या, म्हणजे इतर मुलांच्या नजरेत तो परका ठरणार नाही. हाच नियम सर्व पालकांना शाळेच्या सूचनाफलकावरून कळवा, कारण संमती विचारायची तर ती सर्वांनाच विचारली पाहिजे.